हात न हलवता

इनामदार मॅडमनी माझा अंगठा पहिल्यांदा उडवला तेव्हा मला कॉलेजात लागून आठवडाही झाला नव्हता. मी यंत्रांचा माणूस. नगरबाहेरच्या माळावर एक मेडिकल कॉलेज आहे, तिथल्या शरीरक्रियाशास्त्र विभागातली यंत्रं चालू ठेवणं हे माझं काम. त्यातली निम्मी यंत्रं कव्हर घालून ठेवण्यासाठीच विकत घेतलेली होती, त्यामुळे हे काम आपल्याला झेपेल असं मला वाटत होतं. तेवढ्यात दारात एक ठेंगणी, पन्नाशीची बाई येऊन उभी राहिली. पांढरा कोट, डोक्यावरून ओढणी, पायात पुरुषी चपला.

"तुम्ही काळे ना? हात देता का?"

मी दिला. नाही म्हणायची सोयच नव्हती. त्यांनी माझा अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या मऊ खळग्यात बोट दाबून पाहिलं, त्यावर इंग्रजी आठाच्या आकाराची एक जाड काळी चकती धरली आणि पायानं खटका दाबला. टक् असा आवाज झाला आणि माझा अंगठा मला न विचारता टुणकन उडाला. मी दचकून हात मागे घेतला.

"दुखलं?"

"नाही."

"मग दचकलात कशाला?"

"अंगठा माझा आहे ना, मॅडम."

"असं आपण समजतो," म्हणाल्या, आणि कोटाच्या खिशातून एक पेरू काढून माझ्या हातावर ठेवला. राहात्याचा पेरू होता. मी राहात्याचाच, पण तसा गोड पेरू मला घरीही मिळाला नव्हता. त्या दिवसापासून मी त्यांचा माणूस झालो.

डॉक्टर शाहिदा इनामदार विभागात प्राध्यापक होत्या. पाटीवर आता अहिल्यानगर लागलं असलं तरी मॅडमच्या तोंडी 'नगर' सुद्धा क्वचित यायचं. त्यांच्या लेखी जग म्हणजे भिंगार, आणि उरलेलं भिंगारच्या बाहेर. तिथल्या बाजारात त्यांच्या वडिलांचं शिलाईचं दुकान. छावणीतल्या जवानांचे गणवेश शिवून त्यांनी मुलीला डॉक्टर केलं. मॅडम रोज जुन्या स्कूटीवरून यायच्या आणि आल्या आल्या ती चकती आधी स्वतःच्या हातावर लावायच्या. आपला अंगठा उडाल्याशिवाय दुसऱ्याचा उडवायचा नाही, हा त्यांचा नेम. उडाला की त्या खुशीत म्हणायच्या, "जागं झालं सरकार. चला, कामाला."

काम काय, ते थोडक्यात सांगतो, कारण ते कळल्याशिवाय मॅडम कळायच्या नाहीत. चिनी वैद्य हजारो वर्षं अंगावरच्या ठराविक बिंदूंवर सुया टोचत आले. हातावरचा तो खळगा म्हणजे त्यातलाच एक बिंदू. डोकेदुखीला, दातदुखीला तिथं टोचतात. मॅडम सुईच्या जागी चुंबक वापरायच्या. चकतीत तारांचं वेटोळं असतं. त्यातून क्षणभर जोराचा प्रवाह सोडला की क्षणभराचं चुंबकत्व तयार होतं, कातडीला कसलाही त्रास न देता ते आत शिरतं आणि खालची नस जागी करतं. मॅडमना पाहायचं होतं ते एवढंच: हातावर अशी टकटक केली तर मेंदूला ती कळते का, आणि कळली तर मेंदू काय करतो.

मेंदू काय करतो ते डोक्यावर तारांची टोपी घालून दिसतं. पडद्यावर लाटा उमटतात. डोक्याच्या डाव्या बाजूला उजव्या हाताची अशी एक जागा आहे. हात स्वस्थ असला की तिथं एक संथ, एकसुरी लाट चालू असते. हात कामाला लागला की ती लाट मोडते. हे माझ्यासारख्या डिप्लोमावाल्यालाही नुसत्या डोळ्यांनी दिसतं. नव्या माणसाची टोपी घालून झाली, लाटा पडद्यावर आल्या, की मॅडम पडद्याकडे पाहून हळूच म्हणायच्या, "या, या. बसा." घरी पाहुणा आला की म्हणतो ना, तसं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं. नंतर नंतर मीही पडद्यासमोर जरा सावरून बसायला लागलो.

मुलं त्यांना मागं 'परतबाई' म्हणायची. कुठलाही प्रयोग झाला, आकडे आले, मुलं हर्षानं नाचायला लागली की मॅडम म्हणायच्या, "छान. परत करा." परत केलं की, "छान. आता ह्याला करू द्या." एकदा एक मुलगी रडकुंडीला येऊन म्हणाली, "मॅडम, तीनदा आलंय, खरंच आहे ते." मॅडमनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "खरं असेल तर कुठं पळून जातंय बेटा? खरं असलं की परत येतंच. परत येत नाही ते खोटं."

त्यांच्याकडं दोन चकत्या होत्या. एक खरी, एक खोटी. दिसायला सारख्या, आवाजही तसाच टक्, पण खोटीतून चुंबकत्व निघायचं नाही. कोणत्या माणसाला कोणती लागणार हे फक्त मला ठाऊक असायचं, कारण जोडणारा मीच. म्हणून जोडून झालं की मॅडम मला खोलीबाहेर हाकलायच्या. मी एकदा म्हणालो, "मी गप्प बसतो ना कोपऱ्यात." तर म्हणाल्या, "काळे, तुमचं तोंड गप्प बसतं, पण थोबाड बोलतं." असा अपमान इतक्या मायेनं दुसऱ्या कुणी केल्याचं मला आठवत नाही.

एकदा एक गृहस्थ आले. चुंबकाची कडी विकायचे. गुडघेदुखी, साखर, रक्तदाब, सगळ्यावर एकच कडं. त्यांना मॅडमचा कड्यासोबत फोटो हवा होता. मला वाटलं, आता ह्यांची धडगत नाही. मॅडमनी त्यांना बसवलं, चहा मागवला, डोळ्यांवर रुमाल बांधला आणि आधी त्यांचं कडं, मग माझ्याकडचा पाइपाचा एक लोखंडी तुकडा मनगटावर ठेवला. "कशानं बरं वाटलं?" गृहस्थ प्रामाणिक निघाले. चाचरत म्हणाले, "मॅडम, खरं सांगू का, दोन्हींनी वाटलं."

मॅडम खुर्चीतून उठल्याच. त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, त्या कडं विकतच घेतात. "काळे, ऐकलंत? दोन्हींनी! अहो, लोखंडाच्या तुकड्यानं माणसाला बरं वाटतं! ते आतून कोण करतं? कसं करतं? केवढी मोठी गोष्ट आहे ही!" गृहस्थ फोटो न घेता गेले, पण जाताना मॅडमना वाकून नमस्कार करून गेले. दुसरा कुणी असता तर त्या माणसाला खोटं पाडून मोकळा झाला असता. ज्याला आपण फसवणूक म्हणून झटकून टाकतो त्याच्यापुढं मॅडम कौतुकानं थांबायच्या. मेंदू ह्या वस्तूविषयी त्यांना जो आदर होता, तो मी देवळात आणि दर्ग्यातही फार थोड्या माणसांच्या चेहऱ्यावर पाहिला आहे.

पण ह्या सगळ्या कामामागं त्यांचं एक घरचं दुखणं होतं, आणि ते मला पुष्कळ उशिरा कळलं.

मला कळलं त्याच्या दोन वर्षं आधी त्यांच्या अम्मा न्हाणीत घसरून पडल्या होत्या. डोक्याला मार लागला, आत रक्त साचलं. जीव वाचला. डोळे उघडायच्या, मिटायच्या, चमच्यानं भरवलेली पेज गिळायच्या. बाकी काही नाही. हाक मारली तर नजर वळायची नाही, चिमटा काढला तर हात सरायचा नाही. पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की शरीर चालू आहे, पण आत जाणीव असेल असं दिसत नाही. मॅडमचा धाकटा भाऊ जावेद आणि त्याची बायको अम्मांचं सगळं करायचे, आणि कुरकुर न करता करायचे. मग त्यानंतरच्या एका हिवाळ्यात अब्बा दुकानातच, मशीनवर बसल्या बसल्या गेले.

घरात बायका जमल्या. मातमपुरशीला, म्हणजे सांत्वनाला, आलेल्या एका म्हाताऱ्या नातेवाईक बाईनं विचारलं, अम्मांच्या हातातल्या बांगड्या कधी उतरवायच्या? नवरा गेल्यावर बाईनं काही महिने इद्दतीत, म्हणजे घरात राहून दुःख पाळायचं असतं, त्याचं काय करायचं? जावेद म्हणाला, तिला काय कळतंय, बांगड्या उतरवा आणि सोडा विषय. मॅडम म्हणाल्या, "आधी तिला सांगायचं, मग बांगड्या." "मग सांग." आणि मॅडमना सांगता येईना. आत अम्मा असतील, तर साठ वर्षांची सोबत संपल्याची ही बातमी अशा बाईला द्यायची, जिला रडताही येत नाही, प्रश्नही विचारता येत नाही. आणि आत कुणी नसेल, तर भिंतीला सांगून आपलं मन मोकळं करून घेतल्यासारखं. बांगड्या तशाच राहिल्या. बातमीही तशीच राहिली.

"मला मोठं काही शोधायचं नाही, काळे," त्या एकदा मला म्हणाल्या. "अम्माला सांगायचं की नाही, एवढंच कळायला हवंय."

हे ऐकल्यावर मी यंत्रांना कव्हर घालायचंच सोडून दिलं.

माणसं यायची आजूबाजूच्या गावांतून. बहुतेक बायका, कांद्याच्या चाळीत निवडायला जाणाऱ्या. कॉलेजची गाडी, दुपारचं जेवण, आणि वर डॉक्टरीणबाई स्वतः हात हातात घेऊन चौकशी करतात, म्हणून हौसेनं यायच्या. प्रत्येकीला मॅडम एकच सूचना द्यायच्या: डोळे मिटायचे, स्वस्थ बसायचं, हात अजिबात हलवायचा नाही. आणि हळूहळू जे दिसायला लागलं त्यानं आमची झोप उडाली. खरी चकती त्या बिंदूवर लावली की हाताची लाट मोडायची, हे अपेक्षितच होतं. पण टकटक थांबली तरी लाट परत येईना. बराच वेळ मोडलेलीच राहायची. हालचाल टिपायला हातावर लावलेल्या पट्ट्या सांगत होत्या की टकटक थांबल्यावर हात जराही हललेला नाही. खोट्या चकतीनं हे व्हायचं नाही. दोन बोटं बाजूला सरकवून खरी चकती लावली तरी व्हायचं नाही. आणि एखादी बाई बसल्या बसल्या पेंगली, तर तिच्यातही व्हायचं नाही.

मॅडमनी परत केलं. परत आलं. मुलांकडून करून घेतलं. तरी आलं. शेवटी म्हणाल्या, "जाग्या मेंदूत होतं, झोपलेल्यात होत नाही. म्हणजे अम्माच्या हातावर लावून झालं, तर..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. प्राचार्यांना आनंद झाला होता तो वेगळाच. मोठ्या परिषदेत मॅडमनी हे मांडायचं ठरलं, कॉलेजच्या नावाचा फलकही रंगवायला गेला. मी मात्र भिंगारला यंत्र न्यायचं तर टेम्पोत गादी घालावी लागेल का, एवढाच विचार करत होतो.

आणि मग मथुराबाई आल्या.

मथुराबाई म्हणजे साठीच्या, काटक, बोलायला फाटक्या तोंडाच्या. ह्यापूर्वीही दोनदा येऊन गेलेल्या. त्यांची लाट अशी झकास मोडायची की मुलं त्यांना 'आपला नमुना' म्हणायची. त्या दिवशीही मोडली. टोपी काढताना मॅडमनी नेहमीप्रमाणं विचारलं, "काही त्रास झाला का, बाई?"

"तरास कसला? आज दुरडीभर झाल्या की."

"काय झाल्या?"

"भाकऱ्या."

मॅडमना वाटलं, बाईंना चक्कर आली. "कुठल्या भाकऱ्या?"

"आवो, तुमी म्हनला हात हलवायचा न्हाई. मंग मी मनातल्या मनात थापल्या. रिकामं कसं बसायचं मानसानं? लाज वाटती. अंगठा उडला की हात म्हनतो, चल, उठ. मंग मी पीठ घेती, मळती, थापती. लई ब्येस वेळ जातो."

मॅडमच्या हातात टोपी तशीच राहिली. "दर वेळी?"

"व्हय. पैल्या खेपेला आल्ते तवा बाकड्यावर समद्यांना सांगून ठिवलं मी, बायांनो, झोपू नका, घोरताल आन् इज्जत जाईल. अंगठा उडला की भाकरी थापायला घ्या. न्हाई उडला तर काय, बसा आपलं."

मी तेव्हा दारात उभा होतो. मॅडम हळूच स्टुलावर बसल्या. मला कळायला वेळ लागला, त्यांना लागला नाही. खरी चकती बिंदूवर लागली तरच अंगठा उडायचा. अंगठा उडाला की बायकांना इशारा मिळायचा. मग माळावरच्या त्या गार खोलीत, डोक्यावर तारा घेऊन, डोळे मिटून, गावोगावच्या बायका हात न हलवता भाकऱ्या थापत बसायच्या. लाट चुंबकानं मोडून ठेवली नव्हती. ती बायकांनी मोडून ठेवली होती.

मथुराबाई घाबरल्या. "चुकलं का माजं काय?"

"नाही बाई," मॅडम म्हणाल्या, आणि मग त्या जे हसायला लागल्या ते थांबेचनात. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. ते पाणी नुसतं हसण्याचंच होतं का, हे मला अजूनही सांगता येणार नाही. मथुराबाईंना त्यांनी खिशातले दोन्ही पेरू दिले.

मग त्यांनी परत केलं. ह्या वेळी बायकांना अंगठा उडाला की मनात गावाकडच्या रस्त्यानं नुसतं चालायला सांगितलं. हाताची लाट टकटक थांबताच जागेवर आली. बिंदूची सगळी करामत गेली. परिषदेतलं भाषण मॅडमनी स्वतः फोन करून रद्द केलं. प्राचार्य लालबुंद होऊन खाली आले. "एवढ्या महिन्यांचं काम आणि एका बाईच्या बडबडीवर तुम्ही..." मॅडम उभ्या राहिल्या, कारण प्राचार्यांचा मान त्या ठेवायच्या. "सर, चुंबक निर्दोष आहे. गुन्हा भाकरीचा आहे. आणि भाकरीवर मला काही आरोप करायचा नाही." रंगवलेला फलक आमच्या गोदामात पालथा पडून राहिला.

मला फार वाईट वाटत होतं. फलकाचं नाही, अम्मांचं. आता कशानं कळणार? दोन-चार दिवस मी मॅडमच्या नजरेला नजर देत नव्हतो. एका दुपारी त्या जुन्या लाटा पडद्यावर लावून बसल्या होत्या. मी चहा घेऊन गेलो तर पडद्यावरची नजर न हलवता म्हणाल्या, "काळे, मथुराबाईंनी काय केलं, कळलं का तुम्हाला?"

"घात केला, मॅडम."

"अहो, बाई खुर्चीत दगडासारखी बसलेली आहे. बाहेरून पाहिलं तर काही नाही. बोट हलत नाही, पापणी हलत नाही. आणि आत ती परातीशी बसून भाकऱ्या थापतीये. आणि ते इथं, ह्या पडद्यावर, मला दिसतंय." त्यांनी बोटानं पडद्याला स्पर्श केला. "बाहेरून दगड, आतून बाई. चुंबकाची गरजच नाही, काळे. नुसतं सांगायचं."

माझ्या हातातला चहा मी खाली ठेवला.

मॅडमना मी शेवटचं पाहिलं ते भिंगारच्या त्यांच्या घरी. त्यानंतर त्या लांबच्या रजेवर गेल्या, मला कोपरगावच्या साखर कारखान्याच्या दवाखान्यात बरी नोकरी मिळाली, आणि भेट राहूनच गेली. फोनवर बोलणं होतं. पण डोळ्यांसमोर त्या येतात त्या त्या दुपारच्याच.

यंत्र टेम्पोतून, गादीवरच नेलं. घर लहान, स्वच्छ. अम्मा पुढच्या खोलीत टेकून बसवलेल्या होत्या, डोळे उघडे, नजर समोरच्या भिंतीवर. मॅडमनी त्यांच्या पुढ्यात बसून, जशी कुठल्याही बाईला सांगायच्या तशी, सगळी माहिती दिली: डोक्यावर टोपी घालणार, थंड मलम लागेल, दुखणार नाही, चालेल ना? उत्तर आलं नाही. मॅडम उत्तर यायला लागला असता तेवढा वेळ थांबल्या आणि मगच टोपी घातली.

काय करायला सांगायचं ते त्यांनी पक्कं केलं होतं. अब्बा गणवेश शिवायचे, पण त्यांची काजं अम्मा हातानं करायच्या. लग्न होऊन आल्यापासून पडेपर्यंत, छावणीतल्या किती जवानांच्या छातीवर अम्मांची काजं गेली असतील, त्याला गणती नाही. म्हणून मॅडम दोनच गोष्टी सांगणार होत्या. कधी "अम्मा, काज करो," आणि कधी "अम्मा, आराम करो." कधी काय सांगणार, हे मला कळू द्यायचं नव्हतं. तारा स्वयंपाकघरात ओढून घेतल्या, पडदा तिथं मांडला आणि मला भिंतीकडे तोंड करून बसवलं. कानांत कापूस, वरून जावेदची लोकरी टोपी. लाट मोडली की मी भिंतीवर एकदा ठोकायचं. बाकी काही नाही. जावेद दोन खोल्यांच्या मधल्या उंबऱ्यात उभा राहिला, म्हणजे त्याला दोन्हीकडचं दिसेल. तो मला आधीच म्हणाला होता, "तुम्ही तरी समजवा हो आपाला. उगाच आशा लावून बसते. तुटली की आम्हालाच सांभाळावं लागतं."

सुरुवातीला काहीच नाही. लाट अशी गढूळ की मोडली का नाही तेच कळेना. मी ठोकलं नाही. मग मॅडमनी थांबवलं. जावेदच्या बायकोनं अम्मांना चहा पाजला, तोंड पुसलं, पाठीमागची उशी सरळ केली. आणि परत.

लाट वर आली. संथ, एकसुरी, ओळखीची. आणि मग माझ्या डोळ्यांदेखत ती मोडली. मी ठोकलं. लाट परत आली. बराच वेळ तशीच राहिली. मोडली. मी ठोकलं. मी मान वळवायची नाही असं ठरलं होतं, तरी डोळ्यांच्या कोपऱ्यातून मला उंबऱ्यातला जावेद दिसत होता. पहिल्या ठोक्याला तो नुसता भिंतीकडं पाहत होता. दुसऱ्याला त्यानं चौकट धरली. नंतरच्या एका ठोक्याला तो चौकटीला टेकून खाली बसला आणि त्यानं ओंजळीत तोंड घातलं. तेव्हा मला कळलं की भिंतीपलीकडं मॅडम काज करायला सांगतात तेव्हाच माझा ठोका पडतोय. भिंतीवर हात माझा होता, पण ठोकत अम्मा होत्या. मला सांगायला लाज नाही, मी त्या पडद्याला हात जोडले.

मॅडम आत आल्या. माझ्या कानांतला कापूस त्यांनी स्वतःच काढला. मला वाटलं, आता काही बोलतील. त्या म्हणाल्या, "परत."

परत केलं. आता ह्या वेळी बहिणीऐवजी जावेदनं सांगायचं, त्याच्या मनाला येईल तसं, मॅडमनी नुसतं ऐकायचं. मी कापूस घालून बसलो, लाट मोडली की ठोकलं. कधी एखादा ठोका चुकला असेल, मी यंत्र नाही. पण खरं होतं ते परत आलं.

जावेदच्या बायकोनं पाणी आणलं. बहीणभाऊ घरात दखनीत बोलतात. मी मराठीत सांगतो. मॅडम म्हणाल्या, "आता सांगायला पाहिजे."

जावेद पुढं आला. "आपा, आज नको. आजचा दिवस राहू दे. आजच तर भेटली ती आपल्याला. उद्या सांग, ईद झाल्यावर सांग."

"कालपर्यंत ते गप्प बसणं होतं, जावेद. ती ऐकते हे कळल्यावर गप्प बसलो तर ते खोटं बोलणं होईल." त्यांचा आवाज कापत होता, पण वाक्य मोडलं नाही. "ती रोज वाट पाहत असेल त्यांची. दुकानातून का आले नाहीत म्हणून."

जावेद बाजूला झाला.

मॅडम अम्मांच्या पुढ्यात बसल्या. मला वाटलं, टोपी आहे, लाटा चालू आहेत, बातमी सांगताना आत काय होतं ते आता पडद्यावर दिसेल. जगात कुणी पाहिलं नसेल असं काही. मी यंत्रांचा माणूस, मला तेच सुचणार. मी म्हणालो, "मॅडम, रेकॉर्ड चालूच ठेवलंय."

"बंद करा, काळे," त्या म्हणाल्या. "हे मोजायचं नसतं."

मी बंद केलं. त्यांनी अम्मांच्या डोक्यावरची टोपी काढली, एकेक तार सोडवली, ओल्या फडक्यानं केसांतलं मलम पुसलं, केस विंचरून ओढणी डोक्यावर नीट घेतली. घाई नव्हती. मग गुडघ्यांवर बसून आपला चेहरा अम्मांच्या नजरेच्या बरोबर समोर आणला, जिथं इतके दिवस नुसती भिंत होती.

"अम्मा, सुनो. अब्बा गुजर गए."

मी वायरी गुंडाळत मागच्या दारानं अंगणात आलो. जावेदही आला. आम्ही दोघं टेम्पोला टेकून उभे राहिलो. आतून रडण्याचा आवाज आला नाही. बराच वेळ फक्त मॅडमचा आवाज येत राहिला: अब्बांनी त्या सकाळी काय खाल्लं, कुणाचा गणवेश शिवत होते, कोण धावत आलं, खांदा कुणी कुणी दिला, कबर कुठं आहे, वर सावली आहे का. एकेक करून, मध्ये मध्ये थांबत, ऐकणाऱ्याला सांगावं तसं.